दिवस मोजणारे कीटक

ऑगस्ट महिन्याचा मध्य आहे अशी कल्पना करा. स्थळ रशियाच्या उत्तर भागांतील सेंट पीटर्सबर्ग शहराच्या भोंवतालचें रान. ह्या शहराला १९२४ पासून १९९१ पर्यंत लेनिनग्राड म्हणत, आणि पुढें ज्या संशोधनाविषयीं मी बोलणार आहें त्यांत तेंच नांव येतें, म्हणून मीही तेंच वापरीन. हवा अजून उबदार आहे, झाडें हिरवीगार आहेत, आणि आपल्या आंबट चुक्याच्या जातकुळीच्या एका रानपाल्यावर एक केंसाळ अळी स्वस्थपणें चरत आहे. तिला अन्नाची वाण नाहीं कीं थंडीचा त्रास नाहीं. कांहीं दिवसांनीं ती कोशांत जाईल. प्रयोगशाळेंत दररोज वीस तास उजेडांत वाढविलेल्या तिच्या भावंडाचा असाच कोश थोड्याच आठवड्यांत फुटतो आणि त्यांतून पतंग बाहेर पडतो. रानांतल्या ह्या अळीचा कोश मात्र फुटणार नाहीं. तो निपचित पडून राहील, त्यावर बर्फ पडेल, वितळेल, आणि पुढील वर्षींच्या वसंतांतच त्याचें दार उघडेल. हिंवाळा येणार ही बातमी त्या अळीला कोणीं दिली?

सहज सुचणारें उत्तर म्हणजे थंडीनें. आम्हां शिक्षकांच्या वर्गांत दहांपैकीं नऊ मुलें हेंच उत्तर देत. परंतु थोडा विचार केला म्हणजे तें टिकत नाहीं. थंडी हाच जर निरोप मानला, तर तो पोंचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आपल्याकडे पाऊस कोसळूं लागल्यावर घर शाकारावयास कोणी निघत नाहीं. पापड, कुरडया, सरपण ह्यांची बेगमी वैशाखांतच करावी लागते. उत्तरेकडील कीटकाचें तसेंच आहे. अंगांत चरबी सांठवावयाची, जमिनींत किंवा झाडाच्या सालीखालीं जागा शोधावयाची, शरीरांतील रसांची घटना बदलावयाची, हीं सर्व कामें ऊब आणि अन्न आहे तोंवरच होऊं शकतात. शिवाय थंडीसारखा लहरी दूत दुसरा नाहीं. एखाद्या वर्षीं ती वेळेआधींच चार दिवस येऊन परत जाते, एखाद्या वर्षीं फार उशिरापर्यंत तोंड दाखवीत नाहीं. अशा दूताच्या भरंवशावर राहणाऱ्या कीटकाचा वंश फार दिवस टिकता ना.

ह्या अवस्थेला शास्त्रज्ञ डायापॉज म्हणतात. आपण तिला विरामावस्था म्हणूं. थंडीनें गारठून पडणें निराळें आणि ही विरामावस्था निराळी, हा भेद आधीं ध्यानांत घेतला पाहिजे. गारठलेली माशी उन्हांत ठेवली कीं थोड्या वेळानें उडून जाते. विरामावस्थेंत गेलेला कोश उबदार खोलींत आणून ठेवला तरी महिनेच्या महिने हालत नाहीं. येथें वाढ आंतूनच थांबविलेली असते. ही विश्रांति कोणत्या पायरीवर घ्यावयाची, तें प्रत्येक जातीचें ठरलेलें आहे. रेशमाचा किडा अंड्यांत थांबतो. मक्याचें खोड पोंखरणारी युरोपांतील अळी पूर्ण वाढून अळीच्याच रूपानें थांबते. चुक्यावरचा आपला पतंग कोशांत थांबतो. आणि बटाट्याच्या पिकाचा वैरी जो कोलोरॅडोचा भुंगा, तो प्रौढ झाल्यावर अंडीं न घालतां जमिनींत शिरून बसतो. श्वासोच्छ्वास अगदीं मंदावतो आणि सांठविलेली चरबी महिनोगणती पुरते. कित्येक जातींच्या शरीरांत ह्या काळांत ग्लिसरिन तयार होतें. ओठ फुटले म्हणजे आपण लावतों तेंच हें ग्लिसरिन. त्याच्या योगानें शरीरांतील पाणी सहजासहजीं गोठत नाहीं. उत्तर अमेरिकेंत गोल्डनरॉड नांवाचें पिवळ्या फुलांचें एक झुडूप असतें. त्याच्या खोडावर गांठी येतात आणि त्या गांठींत एका माशीची अळी हिंवाळा काढते. तिच्या अंगांतील पाण्याचा मोठा भाग खरोखरच गोठून बर्फ होतो, आणि तरीही वसंतांत ती जिवंत निघते. कारण ग्लिसरिन व त्यासारखीं दुसरीं द्रव्यें पेशींचा आंतला भाग सांभाळून ठेवतात. एवढी तयारी एका रात्रींत होत नाहीं हें उघड आहे.

मग भरंवशाची खूण कोणती? रेडिओवर फळा नसतो, म्हणून पृथ्वीचा गोल आपण मनांतच आणावा. पृथ्वीचा आंस कललेला असल्यामुळें दिवसाची लांबी वर्षभर बदलत राहते, आणि विषुववृत्तापासून जों जों दूर जावें तों तों हा बदल वाढत जातो. पंचांगांत दिनमान म्हणून जें देतात तेंच हें. मुंबईस सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान सुमारें अकरा तासांचा. दिवस जेव्हां सर्वांत वेगानें आखूड होत असतात, तेव्हांही येथें रोजचा फरक सव्वा मिनिटाहून अधिक नसतो. लेनिनग्राड ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथें जूनमध्यें दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो, डिसेंबरांत पुरता सहा तासांचाही नसतो, आणि सप्टेंबरांत तर तो दररोज पांच मिनिटांहून अधिक आखूड होत जातो. एखादें वर्ष थंड जाईल, एखादें उबदार जाईल. परंतु १५ ऑगस्टचें दिनमान एका ठिकाणीं गतवर्षीं जेवढें होतें तेवढेंच यंदाही असावयाचें.

आपल्या देशांत ऋतूंचा खरा उंबरठा पाऊस आहे, म्हणून येथील कित्येक कीटक ओलाव्याची वाट पाहतात. खरिपाच्या पिकांवर पडणाऱ्या केंसाळ अळीचे कोश उन्हाळाभर जमिनींत पडून असतात, आणि पहिला चांगला पाऊस झाला कीं पतंग बाहेर निघतात. उत्तरेकडे जिवावर बेतते ती थंडी, आणि ती येण्यापूर्वीं बराच काळ सूचना मिळावी लागते. ती सूचना दिनमान देतें.

हा शोध झाडांच्या मार्गानें लागला. १९२० सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील गार्नर व ॲलर्ड ह्यांनीं दाखविलें कीं, तंबाखूची एक जात उन्हाळ्यांत नुसती उंचच उंच वाढते, फुलत नाहीं. पण तिला रोज कांहीं तास अंधारांत ठेवून दिवस आखूड केला कीं भर उन्हाळ्यांत फुलें येतात. ह्या शोधाचा धागा पकडून टेनेसी संस्थानांतील मार्कोविच ह्या कीटकशास्त्रज्ञानें स्ट्रॉबेरीवरील मावा हातीं घेतला. माव्याची रीत चमत्कारिक असते. उन्हाळाभर सर्व माद्याच. त्या नरावांचून जिवंत पिलें प्रसवतात. दिवस लहान होऊं लागले म्हणजे मात्र नर व अंडीं घालणाऱ्या माद्या जन्मास येतात, आणि हिंवाळा काढतें तें त्यांचें अंडें. मार्कोविचनें वसंत ऋतूंतच झाडें झांकून दिवस आखूड केला, तों वर्षाच्या अखेरीस यावयाचे ते नर आणि त्या माद्या कित्येक महिने आधींच हजर! १९२३ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. झाडाला जें कळतें तें झाडावरील किड्यालाही कळतें, हें त्या दिवसापासून मान्य करावें लागलें.

दहा वर्षांनीं, १९३३ सालीं, जपानांतील कोगुरे ह्यांनीं रेशमाच्या किड्याविषयीं जें प्रसिद्ध केलें तें ह्याहूनही विलक्षण होतें. वर्षांतून दोन पिढ्या होणाऱ्या जातीचीं अंडीं त्यांनीं उबेंत व लांब दिवसाच्या उजेडांत ठेवलीं. त्यांतून निघालेल्या माद्यांनीं पुढें जीं अंडीं घातलीं तीं विरामावस्थेंत गेलीं. दुसरीं अंडीं थंडाव्यांत व आखूड दिवसांत ठेवलीं; त्यांतून निघालेल्या माद्यांचीं अंडीं लागलींच फुटलीं. म्हणजे आई स्वतः अंड्यांत असतांना जो उजेड तिला मिळाला, त्यावर तिच्या लेकरांचा हिंवाळा ठरतो. प्रथम हें उलटें वाटतें. पण हिशेब करून पाहा. वसंताच्या आरंभीं, दिवस अजून लहान व हवा थंड असतांना, जें अंडें फुटतें त्याची मादी उन्हाळ्याच्या तोंडाशीं अंडीं घालते. तीं लगेच फुटलीं तर पुढें पाला आहे, वेळ आहे. हीं दुसरीं अंडीं लांब दिवसांत फुटतात, त्यांतील मादी अंडीं घालते तेव्हां उन्हाळा सरत आलेला असतो, आणि तीं थांबलेलींच बरीं. हिशेब एक पिढी आधीं मांडलेला आहे, एवढेंच. म्हैसूरकडील देशी रेशमाच्या किड्याला ही विश्रांति माहीत नाहीं, तेथें वर्षभर पिढीमागून पिढी चालते. काश्मीरांत परंपरेनें पाळलेल्या जातींची मात्र वर्षांतून एकच पिढी.

ह्या सर्वांत मला अधिक मोलाचें वाटतें तें लेनिनग्राडच्या विश्वविद्यालयांतील डॅनिलेव्हस्की ह्यांचें काम. त्यांचा ग्रंथ १९६१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं एकच जात, आरंभीं सांगितलेली ती चुक्यावरची केंसाळ अळी, चार ठिकाणांची घेतली. काळ्या समुद्राच्या कांठचें सुखुमी, ४३ अंशांवर. बेल्गोरोड, ५० अंशांवर. व्हितेब्स्क, ५५ अंशांवर. आणि लेनिनग्राड, ६० अंशांवर. अळ्या प्रयोगशाळेंत वाढविल्या आणि उजेडाचे तास कमीअधिक करून पाहिले. प्रत्येक ठिकाणच्या अळ्यांचा एक उंबरठा निघाला. दिवस त्याहून मोठा असेल तर कोश फुटतात, लहान असेल तर थांबतात. सुखुमीच्या अळ्यांचा उंबरठा साडेचौदा तासांचा, बेल्गोरोडच्यांचा साडेसोळा, व्हितेब्स्कच्यांचा अठरा, आणि लेनिनग्राडच्यांचा त्याच्याही पलीकडे. स्थूलमानानें पांच अंश उत्तरेस गेलें कीं उंबरठा दीड तासानें चढतो.

ह्या आंकड्यांचा अर्थ जरा सावकाश पाहूं. सतरा तासांचा दिवस घ्या. सुखुमीच्या अळीला विचाराल तर ती म्हणेल, हा तर भर उन्हाळ्याहूनही मोठा दिवस, अजून एक पिढी सुखानें होईल. लेनिनग्राडच्या अळीला विचाराल तर ती म्हणेल, उशीर झाला, आतां आवरा. दोघींचेंही म्हणणें आपापल्या गांवापुरतें खरें आहे. उत्तरेस उन्हाळ्यांतील दिवस मोठे असतात, पण उन्हाळा तोकडा असतो. तेथें दिवस सतरा तासांवर उतरेपर्यंत ऑगस्ट उजाडलेला असतो, आणि त्यानंतर पुन्हा अंडीं, अळी, कोश असा फेरा पुरा होण्याइतकी ऊब उरलेली नसते. सुखुमीची अळी लेनिनग्राडच्या रानांत सोडली तर तेथला ऑगस्टचा दिवस तिला उन्हाळ्याचा वाटेल, तिचा पतंग बाहेर पडेल, अंडीं घालील, आणि तीं पिलें थंडींत सांपडून मरतील. म्हणजे दिनमान ही खूण जरी सर्वत्र सारखी विश्वासू असली तरी ती वाचावयाची कशी, हें गांवोगांव निराळें आहे. आणि हें वाचन कोणी शिकवीत नाहीं. तें रक्तांतूनच येतें. डॅनिलेव्हस्की ह्यांनीं दक्षिणेकडील व उत्तरेकडील पतंगांचा संकर केला, तेव्हां संततीचा उंबरठा दोहोंच्या मध्यें निघाला.

येथें दोन खुलासे हवेत. आभाळ भरून आलें तर हिशेब चुकत नाहीं काय? नाहीं; कारण कीटकाला उजेडाचा प्रखरपणा मोजावयाचा नसतो. पहांटेचा व तिन्हीसांजेचा बराच अंधुक प्रकाशही त्याच्या लेखीं दिवसच असतो. दुसरें म्हणजे उष्णतेचें ह्यांत कांहींच चालत नाहीं असें नाहीं. हवा गरम असली तर कित्येक जातींचा उंबरठा थोडा खालीं येतो, गार असली तर वर चढतो. ह्या गोष्टीची आठवण शेवटीं लागणार आहे.

आतां, दिवस मोजतें तें कोण? डोळे, असें कोणीही म्हणेल. इंग्लंडांत केंब्रिज येथें लीस नांवाच्या शास्त्रज्ञानें वाटाण्याच्या कुळांतील एका वेलीवरचा मावा घेऊन, टांचणीच्या डोक्याएवढ्या त्या जीवाच्या अंगावर निरनिराळ्या ठिकाणीं प्रकाशाचे अति बारीक झोत टाकून पाहिले. सर्वांत अधिक परिणाम झाला तो डोळ्यांवर नव्हे, तर माथ्याच्या मध्यभागीं, जेथें खालीं मेंदू असतो तेथें झोत टाकल्यानें. ह्याच सुमारास, १९६४ सालीं, अमेरिकेंत विल्यम्स व ॲडकिसन ह्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला फार आवडतो. त्यांनीं चीनमधील ओकच्या झाडावरचा रेशमी पतंग घेतला. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे टसराचें रेशीम देणारा जो किडा, त्याचा हा चुलत भाऊ. ह्याचा कोश लांब दिवस लाभले कीं जागा होतो. कोशाच्या डोक्याकडील भागीं, मेंदूच्या नेमका वर, एक पारदर्शक खिडकी असते. त्यांनीं एका पडद्याला भोंकें पाडून त्यांत कोश असे बसविले कीं, डोकें एका बाजूच्या उजेडांत व शेंपटी दुसऱ्या बाजूच्या. डोक्याकडे लांब दिवस ठेवला तर कोश जागे झाले; शेंपटीकडे ठेवला तर झाले नाहींत. मग त्यांनीं मेंदू काढून शेंपटीच्या टोंकाशीं बसविला. आतां दिवस मोजण्याचें काम शेंपटी करूं लागली! मेंदू हाच डोळा आणि मेंदू हेंच घड्याळ.

तें घड्याळ कोणत्या जातीचें, ह्यावर मात्र अजून एकमत नाहीं. एवढें दिसून आलें आहे कीं, पुष्कळ जातींत दिवसापेक्षां रात्रीची लांबी महत्त्वाची. लांब रात्रीच्या ऐन मध्यावर थोडा वेळ दिवा लावला कीं त्या रात्रीचें लांबपण फुकट जातें. लीस ह्यांच्या मतें हें काम आपल्या घटिकापात्रासारखें आहे. दिवस मावळला कीं पात्र पाण्यावर सोडलें जातें, आणि तें बुडण्यापूर्वीं उजाडलें तर उन्हाळा, बुडाल्यावर उजाडलें तर हिंवाळा जवळ. जर्मनींतील ब्युनिंग ह्यांनीं १९३६ सालीं मांडलेला पक्ष निराळा. प्राण्यांच्या व झाडांच्या अंगीं चोवीस तासांचा जो जन्मजात ताल असतो, त्याच्या एका ठराविक भागांत उजेड पडतो कीं अंधार, ह्यावर सारें अवलंबून आहे असें ते म्हणत. दोन्ही पक्षांना अनुकूल अशा जाती आढळल्या आहेत.

अशा अनेक रात्री मोजल्यावर मेंदू एक द्रव्य सोडावयाचें थांबवितो. तें द्रव्य छातींतील एका ग्रंथीला कामास लावीत असतें, आणि ती ग्रंथि कात टाकविणारा रस निर्माण करते. मेंदू गप्प बसला कीं ग्रंथि गप्प, आणि ग्रंथि गप्प कीं वाढ बंद. जागें होण्याची तऱ्हा अमेरिकेंतील सिक्रोपिया नांवाच्या मोठ्या रेशमी पतंगावर १९४० नंतरच्या दशकांत विल्यम्स ह्यांनींच उलगडली. ह्याच्या कोशाला प्रथम कित्येक आठवडे थंडी सोसावी लागते; त्यावांचून कितीही ऊब दिली तरी तो उठत नाहीं. न गारठलेल्या कोशांत त्यांनीं गारठविलेल्या कोशाचा मेंदू बसविला, आणि तो कोश जागा झाला. ऑक्टोबरांत चार दिवस ऊन पडलें म्हणून फसून बाहेर न येण्याची ही सोय आहे. हिंवाळा भोगल्याची खूण मेंदूवर उमटल्याशिवाय वसंतावर त्याचा विश्वास बसत नाहीं.

हें सारें पुस्तकी कौतुकापुरतें नाहीं. वऱ्हाडांतील कापसाच्या शेतकऱ्याला गुलाबी बोंडअळीची ओळख करून द्यावयास नको. टेक्सस संस्थानांत ॲडकिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोधून काढलें कीं, दिवस सुमारें तेरा तासांच्या खालीं उतरला कीं ही अळी विरामावस्थेंत जाऊं लागते. ही तारीख आधींच ठाऊक असल्यावर उपाय सुचतो. पीक लवकर उरकून पऱ्हाट्या नष्ट केल्या कीं, हिंवाळा काढणाऱ्या अळ्यांना निवाराच उरत नाहीं. तेथें ही पद्धति फार उपयोगीं पडली.

दुसरें उदाहरण डांसाचें. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला वाघ-डांस आपल्याकडे आहेच. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविण्यांत त्याचाही वांटा असतो. १९८५ सालीं तो टेक्ससमधील ह्यूस्टनच्या भागांत वस्ती करून राहिलेला आढळला. जुन्या टायरांत सांठलेल्या पाण्याबरोबर अंडीं आलीं असावींत हें लक्षांत आलें, पण आलीं कोठून? आशियाखंड कांहीं लहान नाहीं. १९८७ सालीं संशोधकांनीं ह्या डांसांची परीक्षा दिनमानानें घेतली. उष्ण देशांतील वाघ-डांस दिवसाच्या लांबीकडे लक्षच देत नाहींत. आशियाच्या उत्तर भागांतील माद्या मात्र दिवस आखूड झाले कीं विराम घेणारीं व थंडी सोसणारीं अंडीं घालतात. अमेरिकेंत सांपडलेल्या माद्यांनीं तेंच केलें. त्यावरून ही वसाहत उत्तरेकडील समशीतोष्ण आशियांतून आली असली पाहिजे असें अनुमान निघालें. पुढें वीसएक वर्षांत ते डांस अमेरिकेच्या पूर्व भागांत दक्षिणोत्तर पसरले, आणि उत्तरेकडील व दक्षिणेकडील डांसांचे उंबरठे, जपानांत आहेत तसेच, एकमेकांपासून निराळे झाले. डॅनिलेव्हस्की ह्यांच्या अळ्यांत जो फरक युगानुयुगें पडत आला असेल असें आपण समजतों, तसलाच हा फरक वीस वर्षांत!

परंतु आतां ह्या व्यवस्थेलाच एक अडचण आली आहे. सूर्य आपलें वेळापत्रक बदलीत नाहीं, पण पृथ्वीवरील हवा तापत चालली आहे. उत्तरेकडे हिंवाळा पूर्वीपेक्षां उशिरा येतो. ज्या दिनमानावर निजावयास हवें असें हजारों पिढ्यांनीं ठरविलें, त्या दिनमानानंतरही आतां कांहीं दिवस ऊब उरते.

उत्तर अमेरिकेच्या दलदलींत सुरईच्या आकाराचीं पानें असलेली एक किडे खाणारी वनस्पति होते. त्या पानांत सांठलेल्या पाण्यांतच एका लहानशा डांसाच्या अळ्या वाढतात, आणि हिंवाळा त्या तेथेंच विरामावस्थेंत काढतात. मेक्सिकोच्या आखातापासून कॅनडापर्यंत हा डांस आढळतो. ब्रॅडशॉ व होल्झॅप्फेल ह्या संशोधक दांपत्यानें त्याचे उंबरठे अनेक वर्षें मोजले आणि २००१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. ५० अंश अक्षांशावरील डांसांचा उंबरठा १९७२ सालीं सुमारें १५ तास ४७ मिनिटांचा होता. १९९६ सालीं तो सुमारें १५ तास ११ मिनिटांवर आला होता. म्हणजे हे डांस नऊ दिवस उशिरा निजूं लागले होते. सर्व अळ्या प्रयोगशाळेंत एकाच परिस्थितींत वाढवून मोजलेल्या असल्यामुळें हा बदल त्या त्या वर्षीच्या हवेचा नव्हे, तर वंशांतच पडलेला आहे. ज्यांचा उंबरठा थोडा खालीं होता त्यांना जादा दिवस मिळाले, त्यांची संतति वाढली, इतकी ही साधी गोष्ट आहे.

सर्वांना हें साधेल असें मात्र दिसत नाहीं. पश्चिम युरोपांत वॉल नांवाचें तपकिरी-नारिंगी रंगाचें एक फुलपांखरूं आहे. उन्हांत भिंतींवर बसतें म्हणून तें नांव. बेल्जम, हॉलंड व इंग्लंड ह्या देशांत एके काळीं तें सर्रास दिसे. वर्षांतून दोन पिढ्या व्हावयाच्या आणि दुसरीच्या अळ्यांनीं हिंवाळा काढावयाचा, असा त्याचा क्रम. मघाशीं म्हटलें कीं उष्णतेनें उंबरठा खालीं सरकतो. ऑगस्ट-सप्टेंबर गरम जाऊं लागल्यावर ह्या अळ्या न थांबतां पुढें वाढतात आणि शरदांत तिसऱ्या पिढीचीं फुलपांखरें उडूं लागतात. त्यांच्या अळ्या हिंवाळ्यापूर्वीं पुरेशा वाढत नाहींत. २०१५ सालीं बेल्जमच्या संशोधकांनीं ह्याला हरवलेली पिढी असें नांव दिलें आणि फुलपांखराच्या ऱ्हासाचें हें कारण असावें असा तर्क मांडला. त्यांनीं अळ्या उघड्यावर ठेवून पाहिल्या. देशाच्या आंतल्या, अधिक उष्ण भागांतील अळ्या न थांबतां वाढत गेल्या. समुद्राकांठच्या गार हवेंत मात्र निम्म्याहून अधिक अळ्या वेळेवर थांबल्या. आज हें फुलपांखरूं त्या देशांच्या अंतर्भागांतून पुष्कळ ठिकाणीं नाहींसें झालें आहे, आणि जें उरलें आहे तें मुख्यतः किनाऱ्याच्या पट्ट्यांत.